झेलिगमानची दहा मिनिटं

जेरुसलेमच्या रेहाविया भागात त्या काळी डॉक्टर नसलेला माणूस शोधून काढावा लागे. अंडी विकणारा कायद्याचा डॉक्टर होता, बसचा कंडक्टर लॅटिन व्याकरणाचा होता आणि कोपऱ्यावरचा चांभार तर दोनदा डॉक्टर होता. ब्रेस्लाऊ, बर्लिन, फ्रांकफुर्ट सोडून पळताना काय घ्यावं नि काय टाकावं हा प्रश्न पडल्यावर या मंडळींनी पदव्या वजनाला हलक्या म्हणून आधी ट्रंकेत भरल्या असाव्यात.

बेनो झेलिगमान तेवढा डॉक्टर नव्हता. तो पुस्तकं बांधायचा. ब्रेस्लाऊला बांधायचा आणि इथे आल्यावरही घराच्या मागच्या खोलीत शिकंजा, खळीचं भांडं आणि सोनेरी वर्खाची पाकिटं मांडून तेच सुरू केलं. पण सगळ्या गल्लीला डॉक्टर म्हणायचं आणि या एकट्याला नुसतं नावाने हाक मारायची, हे लोकांनाच अवघड वाटू लागलं, म्हणून त्यालाही डॉक्टर म्हणू लागले. सुरुवातीला तो प्रत्येकाला थांबवून सांगायचा, "माफ करा, मी डॉक्टर नाही." लोकांना वाटलं, काय हा विनय! त्याचा मान आणखी वाढला. शेवटी त्याने नाद सोडला.

एकोणीसशे शेचाळीस सालच्या त्या वसंतात देश इंग्रजांच्या ताब्यात होता, शहरात प्रत्येकाकडे देशाचा प्रश्न सोडवायची एक योजना होती आणि प्रत्येक योजनेबरोबर एक नकाशा होता. न्हाव्याकडे होता, दाताच्या डॉक्टरकडे होता. दाताचा डॉक्टर तर रुग्णाच्या तोंडात बोटं घालून झाल्यावर मगच उत्तरेकडचा गॅलिली प्रांत कुणाला द्यायचा ते सांगायचा, म्हणजे उलट बोलायची सोय नाही. झेलिगमानच्या योजनेला नकाशा लागत नव्हता. ज्यूंचं राज्य नको, अरबांचं नको. देश एक, लोक दोन, आणि कुणी कुणाच्या डोक्यावर बसायचं नाही. हे साधणारी त्याची संस्था होती, 'दोन लोक, एक देश मंडळ'. सभासद नऊ. त्यातल्या दोघांनी तत्त्वाच्या प्रश्नावर राजीनामा दिला होता, पण गुरुवारी पाचच्या सभेला ते यायचे, कारण हेडीच्या सफरचंदाच्या केकशी त्यांचा तात्त्विक मतभेद नव्हता. मंडळाची घटना चौदा पानी होती आणि तिच्यात एकतीस दुरुस्त्या झालेल्या होत्या. अरब सभासद एकही नव्हता. ते पद घटनेत रिकामं राखून ठेवलेलं होतं.

मंडळाचं निवेदन शेचाळीस पानांचं. ते झेलिगमान स्वतः छापून घ्यायचा, शिवायचा, आणि अस्सल बकऱ्याच्या कातड्यात बांधून, पाठीवर सोनेरी अक्षरं उठवून मोठमोठ्या लोकांना पाठवायचा. सत्ताधाऱ्यांना पटवायची त्याची ही स्वतःची रीत होती. "सुटी पानं असली की लोक फेकून देतात," तो हेडीला सांगायचा. "बांधलेलं पुस्तक टाकायला माणसाचा हात धजत नाही." यात खोटं काहीच नव्हतं. बावीस प्रती गेल्या आणि बावीसच्या बावीस कुठे ना कुठे जपून ठेवलेल्या होत्या. एक पोलीस कचेरीत त्याने स्वतः पाहिली. तिच्यावर चहाचा ट्रे होता. ट्रे हलत नव्हता.

खालच्या मजल्यावर पिन्खास दुब्रोवचं वाणसामानाचं दुकान होतं. खारवलेले मासे, आंबट साय, लोणच्याची पिंपं. दुब्रोव पोलंडमधल्या पिन्स्कचा. त्याला स्वतंत्र ज्यू राज्य हवं होतं आणि ते काल हवं होतं. झेलिगमान सकाळी गॅलरीत कॉफी घेऊन आला की खालून सलामी झडायची.

"काय डॉक्टर, आज कुणाला पत्र? पोपला?"

"पोपला मागच्या महिन्यात गेलं."

"मग? काय म्हणतो?"

"पोच आलीय."

"अरे वा! म्हणजे देश आता मिळाल्यातच जमा!" दुब्रोव मासा कागदात गुंडाळता गुंडाळता साऱ्या गल्लीला ऐकवायचा. "बायांनो, ऐकलंत का? पोपकडून पोच आली! अरबांकडून यायची राहिलीय तेवढी!"

"तुम्हाला राज्य मिळालं तरी शेजारी हेच असणार आहेत, हेर दुब्रोव." हेर म्हणजे जर्मन श्रीयुत; भांडतानाही झेलिगमान ते गाळत नसे.

"असू देत की! मी काय शेजारी नको म्हणतो? मला माझं दार हवंय डॉक्टर. आतून कडी असलेलं. शेजाऱ्याने यावं, वाजवावं, मी उघडीन, मासे खाऊ घालीन. पण उघडणारा मी."

"आणि त्याने तुमच्या आधी तिथे राहायला सुरुवात केली असेल तर?"

"मग त्यालाही कडी लावून देऊ. पण माझ्या पैशाची नाही!"

हे अकरा वर्षं चाललं होतं. पण अलीकडे दुब्रोव मधूनच बोलता बोलता थांबायचा. पिन्स्कच्या त्याच्या सगळ्या गोतावळ्यातली एकच पुतणी वाचली होती, आणि ती जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत एका बराकीत इकडे यायच्या परवान्याची वाट बघत होती. तो असा थांबला की झेलिगमान खाली जाऊन गरजेपेक्षा दुप्पट साय विकत घ्यायचा. हेडी विचारायची नाही. त्या आठवड्यात घरात सगळ्याच पदार्थांत साय पडायची.

दर मंगळवारी झेलिगमान जुन्या शहरात जायचा. तिथे रशाद बुदैरीचं कातड्याचं दुकान होतं. मोठ्या मुलाच्या नावावरून सगळे त्याला अबू नाझिम म्हणत, आणि तो झेलिगमानला ख्वाजा, म्हणजे साहेब, म्हणायचा. कातडं निवडायला दहा मिनिटं पुरायची, वादाला दोन तास लागायचे. झेलिगमान आपल्या निवेदनातले दहा मुद्दे बोटांवर मोजत सांगू लागायचा आणि रशाद कातड्यावर हात फिरवत त्यातला एकेक मोडून काढायचा.

"ख्वाजा, तुमचं म्हणणं काय, ते सांगू? तुम्ही माझ्या घरात राहायला येणार, अर्धं घर घेणार, आणि मी त्याबद्दल तीन भाषांत तुमचे आभार मानायचे."

"अर्धं नाही! अबू नाझिम, घर वाटायचंच नाहीये. घर एकच. दुसरा मुद्दा नीट ऐका."

"दुसरा ऐकलाय. तिसराही ऐकलाय. चौथ्याला मी कॉफी आणायला जातो."

आणि तो खरोखरच उठायचा. चौथा मुद्दा दरवर्षी बाहेरून किती ज्यू येऊ द्यायचे याचा होता, आणि त्यात एक आकडा होता. अकरा वर्षं रशाद त्या आकड्याच्या वेळी वेलदोड्याची कॉफी आणायला गेलेला होता. परत यायचा तेव्हा पाचवा मुद्दा चालू असायचा.

अशात लंडन आणि वॉशिंग्टनहून बारा जणांची चौकशी समिती शहरात उतरली. देशाचं काय करायचं ते ती सगळ्यांना विचारणार होती. सगळी रेहाविया सूट इस्त्री करायला लागली. झेलिगमानने अर्ज केला आणि, कुणाच्या स्वप्नातही नसताना, उत्तर आलं: मंगळवार, दुपारी तीन चाळीस, दहा मिनिटं.

त्याने ते पत्र पाच वेळा वाचलं. मग हेडीला वाचून दाखवलं, मग चष्मा पुसला.

"हेडी, अकरा वर्षांत मला कुणी दहा मिनिटं दिली नव्हती."

"मी दिली आहेत, बेनो," हेडी म्हणाली. "रोज रात्री."

"तुला धरून नव्हे."

शेचाळीस पानं दहा मिनिटांत बसवायची म्हणून मंडळाची खास सभा भरली. चार तास काटछाट केल्यावर निवेदन एक्कावन्न पानांचं झालं. पण झेलिगमानच्या मनात वेगळंच घोळत होतं. एकट्या ज्यूने उभं राहून दोन लोकांच्या वतीने बोलायचं, म्हणजे एकट्याने फोटो काढून घ्यायचा आणि त्याला लग्नाचा फोटो म्हणायचं. शेजारच्या खुर्चीवर अरब हवा होता. आणि त्याच्या ओळखीचा, वाद घालण्याइतका जवळचा अरब एकच होता.

"नाही," रशाद म्हणाला. "सही करणार नाही."

"सही नको."

"बोलणार नाही."

"बोलूही नका."

रशाद बराच वेळ कातडं उलटंसुलटं करत राहिला. "काकाला कळलं तर तो मला घरातून काढेल. माझे चुलतभाऊ दुकानासमोरून जाताना थुंकतील. आणि ख्वाजा, तुमचं म्हणणं मला पटलेलंही नाही."

"ते मला माहीत आहे."

"पण तुम्ही तिथे एकटे उभे राहिलात तर चष्मा पुसत बसाल, दहा मिनिटं त्यातच जातील." त्याने सुस्कारा सोडला. "येईन. नुसता बसेन. बसणं म्हणजे सही नव्हे."

बसणं म्हणजे पाठिंबा होतो का, यावर मंडळात गुरुवारी मतदान झालं. चार विरुद्ध चार. नववा केक खात होता.

आता मंगळवारची गोष्ट.

रेहावियात दुपारी दोन ते चार वामकुक्षी. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, कारण लिहायची गरजच नव्हती. दोन वाजले की झडपा खाली यायच्या, पियानो बंद व्हायचे, मुलं मोज्यांवर चालायची. या वेळात कुणाची घंटी वाजवणं म्हणजे काय असतं, हे सांगायला वाजवणारा पुन्हा त्या गल्लीत दिसला तर ना! झेलिगमानने समितीसाठी आपल्या वामकुक्षीला कात्री लावली होती. दोन ते दोन पन्नास. पलंगाशेजारच्या खुर्चीवर काळा सूट, टाय, आणि खास या दिवसासाठी बांधलेली तेविसावी प्रत तयार होती.

दोन वाजून दहा मिनिटांनी फटफट करत एक इंग्रज शिपाई मोटारसायकलवरून फाटकाशी आला. तळमजल्यावरच्या फ्राउ डॉक्टर लेव्हिसोन झोपायच्या झग्यातच धावत बाहेर आल्या.

"बंद करा ते! लोक झोपलेत!"

"बाई, झेलिगमान कोण? तातडीचं पत्र आहे. समितीकडून."

"झेलिगमान वर राहतात. ते झोपलेत."

"उठवा."

फ्राउ डॉक्टर लेव्हिसोन यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की युद्धात सहा वर्षं काढलेल्या त्या पोराने टोपी सरळ केली. "दोन ते चार," त्या म्हणाल्या. "पत्रपेटी तिथे आहे. आणि ते यंत्र कोपऱ्यापर्यंत हाताने ढकलत न्या." पाकिटावर 'अत्यंत तातडीचं' असं छापलेलं त्यांनी वाचलं होतं. पण ज्याच्यापुढे इतकं तातडीचं काम वाढून ठेवलंय, त्याला तर झोपेची जास्तच गरज, असा त्यांनी विचार केला. आतल्या पत्रात होतं ते एवढंच: आधीच्या एका साक्षीदाराने ऐनवेळी येणं रद्द केलं होतं, म्हणून 'दोन लोक, एक देश मंडळा'ला तीन चाळीसऐवजी दोन पंचेचाळीसला बोलावलं होतं. पत्र पेटीत पडलं. शिपाई मोटारसायकल ढकलत गेला.

दोन पन्नासला झेलिगमान उठला. तीन वाजून पाच मिनिटांनी प्रत बगलेत मारून पत्रपेटीसमोरून गेला. पेटीत काहीतरी पांढरं दिसत होतं. पण दुसरं टपाल चारला येतं, आणि पेटी चारलाच उघडायची असते. त्याने पेटीला हातही लावला नाही.

तीन वीसला तो समितीच्या इमारतीशी पोचला, वीस मिनिटं आधी. पायऱ्यांवर दुब्रोव बसला होता. टोपी नव्हती, कोटाची एक बाही खांद्यातून उसवलेली.

"हेर दुब्रोव! दुकान?"

"बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदा." दुब्रोव त्याच्याकडे बघत राहिला. "तुम्हाला हाणून पाडायला आलो होतो मी. वरच्या सज्जात बसलो होतो. डॉक्टर, तुम्ही होता कुठे?"

"घरी. का? माझी वेळ तीन चाळीसची."

"तुमची वेळ होऊन गेली!"

झेलिगमान हसला. वेळ होऊन जाणं ही गोष्ट इतरांच्या बाबतीत घडते, असं त्याला नक्की ठाऊक होतं. मग त्याने दुब्रोवचा चेहरा पाहिला आणि त्याच पायरीवर, काळ्या सुटासकट, खाली बसला.

"पावणेतीनला पुकारा झाला," दुब्रोव सांगू लागला. "दोन लोक, एक देश! कुणी उठेना. पुन्हा पुकारलं. मी सज्जातून बघतोय, तर खाली तो तुमचा कातडीवाला बसलेला. अडीचलाच आलेला, बाजूच्या दाराने. हुशार माणूस, त्याला माहीत ना, त्या वेळात आपली सगळी गल्ली घोरत असते, कोण बघणार! तो उठला. म्हणतो, साहेब, माणूस वेळेचा पक्का आहे, पाच मिनिटं थांबा."

"असं म्हणाला?"

"अध्यक्ष म्हणतो, थांबता येत नाही, तुम्ही या संस्थेचे का? हा म्हणतो, नाही, मी कातडं विकतो. मग इथे कशाला आलात? तर म्हणतो, बसायला." दुब्रोवने मांडीवर थाप मारली. "सगळं सभागृह हसतंय! अध्यक्ष पण खवट. म्हणाला, मग साक्षीदाराच्या खुर्चीवर बसा, रिकामीच आहे. आणि तो बसला! बसला आणि गप्प. घड्याळ चाललंय. मग त्याने घसा साफ केला, आणि म्हणाला—" इथे दुब्रोवने नसलेला चष्मा काढून नसलेल्या रुमालाने पुसला, "—ख्वाजा झेलिगमान आधी असं करतो."

झेलिगमानचा हात चष्म्याकडे निघाला होता, तो मधेच थांबला.

"मग म्हणाला, पहिला मुद्दा. आणि सांगितला! तुमचाच, तुमच्याच शब्दांत, बोटं मोजत! मग म्हणतो, यावर मी त्याला सांगतो की हे चूक आहे, का ते असं असं. त्यावर तो मला म्हणतो, अबू नाझिम, नीट ऐका. दुसरा मुद्दा! अहो, एकटा माणूस दोघांचं भांडण करतोय! अध्यक्ष पुढे वाकलेला. एक जण लिहून घेत होता, त्याने लिहिणं सोडून दिलं. तिसरा मुद्दा तर मला पण पटला पाच सेकंद. नंतर सावरलो."

"आणि चौथा?" झेलिगमानने विचारलं.

"चौथा." दुब्रोव जरा घुटमळला. "म्हणाला, साहेब, चौथ्यात एक आकडा आहे असं मी ऐकून आहे. मी कधी ऐकलेला नाही, तेव्हा मी कॉफीला जातो. मला तो कळला तर रागवावं लागेल आणि ख्वाजा माझं अकरा वर्षांचं गिऱ्हाईक आहे. अध्यक्ष म्हणतो, पण आम्हाला तर आकडाच हवाय. कोण सांगणार?" दुब्रोव पायरीकडे बघत बोलू लागला. "आणि सगळे गप्प, डॉक्टर. आता मी तुमच्या खालीच राहतो. अकरा वर्षं छतातून ऐकतोय. मला काय करता आलं असतं? मी उभा राहिलो. ओरडलो, तीस हजार! वर्षाला तीस हजार, दोघांच्या संमतीने, पाच वर्षांनी फेरविचार! आणि ते थोडे आहेत! त्यात माझी पुतणी कितवी येते ते सांगा!"

आतून टाळ्या ऐकू आल्या, कुणा दुसऱ्याच मंडळासाठी.

"मग?"

"मग दोन पोलिसांनी उचलून बाहेर आणलं. बाही त्यांनीच उसवली. पाणी हवं का विचारलं पण एकाने. पाच ते दहा मुद्दे त्याने कसे संपवले मला माहीत नाही. मी बाहेर होतो. दोन मिनिटांनी तो बाजूच्या दारातून निघाला आणि लगालगा गेला." दुब्रोव उठला, पँट झटकली. "तुम्हाला उठवायला धावत यावं असं मनात आलं होतं. पण घड्याळात पाहिलं, तीनला पाच कमी. तीनला पाच कमी असताना तुमचं दार कोण वाजवणार?"

झेलिगमान आत गेला. टेबलावरच्या कारकुनाने वहीत बोट फिरवलं. "दोन लोक, एक देश. म्हणणं ऐकलं गेलं. दहा मिनिटं."

"पण मी बोललोच नाही!"

"इथे लिहिलंय, ऐकलं गेलं." त्याने तेविसावी प्रत हातात घेतली, वजन अजमावलं, पाठीवरच्या सोनेरी अक्षरांवरून अंगठा फिरवला. "सुंदर बांधणी आहे, सर," तो मनापासून म्हणाला, आणि ती इतर प्रतींच्या ढिगाऱ्याला आधार म्हणून कडेला उभी लावली.

गुरुवारी मंडळात भडका उडाला. घटनेच्या सातव्या कलमान्वये ठरावाशिवाय कुणालाही मंडळाच्या वतीने बोलता येत नव्हतं, आणि इथे तर सभासद नसलेले दोघं बोलले होते, त्यातला एक सज्जातून. एक ठराव झेलिगमानच्या निषेधाचा आला. एक बुदैरी यांच्या आभाराचा आला, त्याला 'आभार' हा शब्द गाळावा अशी उपसूचना आली. झेलिगमान कोपऱ्यात बसला होता. दोन दिवस तो कुणाशी धड बोलला नव्हता. अकरा वर्षं ज्या दहा मिनिटांची वाट बघितली ती आली, गेली, आणि त्याचे शब्द दुसऱ्याच्या तोंडून बोलले गेले. ते बरे बोलले गेले होते, हे त्याला अधिक लागलं होतं.

हेडीने केकचा दुसरा तुकडा त्याच्या बशीत ठेवला. "बेनो, एक विचारू? तो तुझं सगळं बोलला. पाठ होतं त्याला. पण त्याचं स्वतःचं म्हणणं काय आहे?"

"त्याचं? ते सोपं आहे," झेलिगमान म्हणाला आणि बोट वर केलं. "पहिलं म्हणजे, अबू नाझिमचं म्हणणं असं की..."

सगळे थांबले. राजीनामा दिलेले दोघंही चावायचे थांबले.

"पहिलं म्हणजे," झेलिगमान पुन्हा म्हणाला. त्याला रशादची वाक्यं आठवत होती, कातड्यावर फिरणारा हात आठवत होता. पण प्रत्येक वाक्याच्या मध्यावर त्याचं स्वतःचं उत्तर सुरू व्हायचं आणि पुढचं काही ऐकूच यायचं नाही. त्याने कपाटातून निवेदन काढलं. एकतिसाव्या पानावर 'अरबांचे आक्षेप' असा मथळा होता. खाली दोन ओळी आक्षेपांच्या आणि साडेतीन पानं उत्तरांची.

बोट हळूहळू खाली आलं.

पुढच्या मंगळवारी कातड्याचं दुकान बंद होतं. बुधवारीही. गुरुवारी सकाळी अर्धं दार उघडं दिसलं. झेलिगमान आत शिरला तेव्हा रशाद एकटाच पाठ करून काही मोजत होता.

"अबू नाझिम, काका काय म्हणाला?"

"काय म्हणणार?" रशाद वळला. चेहरा उतरलेला होता, पण मिशीत काहीतरी हललं. "म्हणाला, तू नुसता बसायला गेला होतास ना? मग बोललास का? मी म्हटलं, खुर्ची रिकामी होती. म्हणाला, बरं, बोललास ते बोललास, पण त्या ज्यूची बाजू तू आपल्या बाजूपेक्षा बरी मांडलीस, ही लाज कुठे ठेवू? चुलतभाऊ दोन दिवस दुकानासमोर उभे होते. आज कंटाळून गेले." तो पुन्हा मोजू लागला. "तुम्ही आला नाहीत, ख्वाजा."

"मी झोपलो होतो."

रशादने त्याच्याकडे पाहिलं. मग तो असा हसला की शेजारचा तांबटही डोकावून गेला.

झेलिगमान हसला नाही. त्याने स्टूल पुढे ओढलं, बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "आज मी बोलणार नाही. आज तुमचं म्हणणं सांगा. पहिल्यापासून."

"तब्येत बरी आहे ना?"

"सांगा."

"आणि मधे बोलणार नाही?"

"नाही."

रशादने हातातलं कातडं खाली ठेवलं. इतक्या वर्षांत असं ऐकणारा समोर आला नव्हता, त्यामुळे कुठून सुरू करावं हेच त्याला कळेना. मग सुरू केलं. बापाचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं, जमीन ज्यांना विकली गेली आणि ज्यांना न विचारता विकली गेली त्यांचं सांगितलं. "तुम्ही लंडनला विचारलंत, वॉशिंग्टनला विचारलंत, पोपला विचारलंत. बावीस जणांना. प्रत्येकाचं कातडं माझ्याकडून नेलंत. तेविसावा मी, असं तुम्हाला कधी वाटलं नाही."

झेलिगमानने तोंड उघडलं.

"हं," रशाद म्हणाला.

झेलिगमानने ते मिटलं. दुसऱ्या मुद्द्याला पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. तिसऱ्याला त्याने ओठ दातांखाली धरले. चौथ्याला रशाद स्वतःच थांबला आणि कॉफी आणायला उठला नाही. "तुमच्या त्या शेजाऱ्याची पुतणी," त्याने विचारलं, "आली का?"

"अजून नाही."

"हं." त्याने खाली ठेवलेलं कातडं बाजूला सारलं. "माझं चौथं म्हणणं तिच्याविरुद्ध आहे, ख्वाजा. ते तुम्हाला सांगायला जीभ वळत नाही, पण आहे." आणि मग सांगितलं. झेलिगमानने ऐकलं. शेवटपर्यंत ऐकलं.

दुकानात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. रशादने त्याला हाताने थांबवलं.

"आता म्हणून दाखवा," तो झेलिगमानला म्हणाला.

झेलिगमानने घसा साफ केला. पहिला मुद्दा म्हटला, दुसरा म्हटला, तिसऱ्याच्या मध्यावर पोचला.

"थांबा. पहिला बरोबर. दुसऱ्यात तुम्ही हळूच स्वतःचं घातलंत. 'तरीसुद्धा' हा शब्द माझा नाही."

"पण अबू नाझिम, तिथे तरीसुद्धा म्हटल्याशिवाय—"

"पुन्हा. पहिल्यापासून."

गिऱ्हाईकाने पोतं जमिनीवर टेकलं आणि त्यावर बसून घेतलं. झेलिगमानने बोट वर केलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.